सतरा हंगाम आणि एक पत्र

वाकलेल्या सेंटरचं तोंड जमिनीकडे असतं, नजर मात्र समोरच्याच्या पायांवर. एका हाताची बोटं चेंडूवर घट्ट. मागे चेंडू घेणारा क्वार्टरबॅक त्याला चिकटून, त्याच्या मांड्यांमध्ये दोन्ही तळवे धरून उभा. हाळी आली की चेंडू पायांमधून मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोर हातभर अंतरावर दबा धरून बसलेल्या सव्वाशे किलोच्या गड्याला थोपवायचं. समोरच्याचे दोन्ही हात मोकळे. सेंटरचा एक हात अजून मागेच अडकलेला. म्हणून पहिली गाठ डोक्याची डोक्याशी. हेल्मेटवर हेल्मेट आदळतं, दोन-चार सेकंद रेटारेटी होते, शिट्टी वाजते, सगळे उठतात आणि पुन्हा जाऊन वाकतात. एका सामन्यात असं साठ-सत्तर वेळा. सरावात किती वेळा, ते कोणी मोजत नाही.

माइक वेबस्टरने हे काम अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, सतरा हंगाम केलं. १९७४ ते १९९०. एकूण २४५ सामने. त्यातले पंधरा हंगाम पिट्सबर्ग स्टीलर्स या एकाच संघाकडून, शेवटचे दोन कॅन्सस सिटी चीफ्सकडून. स्टीलर्सने त्या काळात चार वेळा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, चारही वेळा तो संघात होता. सलग १७७ सामने तो एकदाही बाहेर बसला नाही. बर्फ पडत असला तरी तो आखूड बाह्यांची जर्सी घालून उतरायचा. समोरच्याला पकडायला कापड मिळू नये हा हिशेब, आणि आपल्याला थंडी वाजत नाही हे त्याला दिसावं हाही. लोकांनी त्याला ‘आयर्न माइक’ म्हणायला सुरुवात केली.

हे सगळं मी शिनोलीत सांगतो तेव्हा आधी खेळच समजावून सांगावा लागतो. फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे पायाने खेळायचा. हा हातात धरून पळायचा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. एवढं सांगितलं की कबड्डी खेळलेल्या माणसाला बाकीचं आपोआप कळतं. रेषेच्या पलीकडे जायचं आहे, समोरचे जाऊ देणार नाहीत, आणि अडवायचं ते अंगानेच.

शिनोली हे आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावच्या पुढे भीमाशंकरच्या वाटेवरचं गाव. या पट्ट्यात अंगाच्या खेळाचं कौतुक कोणाला शिकवावं लागत नाही. चैत्रापासून यात्रा सुरू होतात. सकाळी घाटात बैलगाडे, दुपारनंतर कुस्त्यांचा आखाडा. पोरांच्या कुस्त्या नारळावर किंवा पन्नास-शंभराच्या नोटेवर लागतात, मग बोली वाढत जाते, आणि दिवस मावळायला शेवटची मानाची कुस्ती. हलगीवाला थांबत नाही, ध्वनिक्षेपकावर बोलणाऱ्याचा घसा बसलेला असतो. आखाड्याच्या कडेला फेटे बांधून जी जुनी मंडळी बसतात त्यांची ओळख विचारावी लागत नाही. कान बघायचे. वर्षानुवर्षं समोरच्याच्या डोक्याशी, खांद्याशी घासून कानाची पाळी आत रक्त साकळून फुगते, मग कडक होते, आणि शेवटी घट्ट मिटलेल्या मुठीसारखा गोळा उरतो. कान फुटला की गडी पैलवान झाला असं तालमीत मानतात. ती जखम मिरवायची असते. ती दिसते, म्हणून तिला मान आहे.

वेबस्टरची गोष्ट न दिसणाऱ्या जखमेची आहे. आणि ती सांगून संपली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो: ‘एवढा मोठा खेळाडू, त्याला पेन्शन नव्हती का?’ पारावरच्या माणसाने विचारलेला हाच प्रश्न अमेरिकेत वकील, डॉक्टर आणि न्यायाधीश मिळून सात-आठ वर्षं सोडवत बसले होते.

तो शेतकऱ्याचा पोर. १८ मार्च १९५२ रोजी विस्कॉन्सिन राज्यातल्या टॉमहॉक गावी जन्मला. घरी बटाट्याची शेती. पेठ-सातगाव पठारावरच्या माणसाला बटाट्याचं शेत म्हणजे काय कामं असतात हे सांगायला नको. पोरगं पाठीने आणि मांड्यांनी तयार होतं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघात तो सेंटर झाला. १९७४ साली एनएफएलच्या संघांनी कॉलेजातल्या खेळाडूंची वार्षिक निवड केली तेव्हा त्याचा नंबर पाचव्या फेरीत लागला, १२५ वा. उंची सहा फूट एक इंच, आणि सेंटरच्या मानाने वजन कमी. त्या एका वर्षी स्टीलर्सने निवडलेल्यांपैकी चौघे पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या सर्वोच्च मानाच्या यादीत, गेले: लिन स्वान, जॅक लँबर्ट, जॉन स्टॉलवर्थ आणि हा. एका वर्षात एवढी पारख दुसऱ्या कुठल्या संघाला साधलेली नाही, असं तिकडचे जाणकार अजून म्हणतात.

स्टीलर्स हा पोलाद गिरण्यांच्या शहराचा संघ. सत्तरच्या दशकात गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या आणि संघ जिंकत होता. गिरणगावातल्या कबड्डी संघांचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना यातली ओढ सांगावी लागणार नाही. भोंगे बंद झालेल्या वस्तीत जिंकणारा संघ हीच एक गोष्ट स्वतःची उरते. वेबस्टर त्या शहराला घरचा वाटायचा. चेंडू घेऊन पळणारा तो नव्हता, फेकणारा नव्हता; दूरदर्शनवर त्याचा चेहरा क्वचित दिसायचा. पण प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू व्हायची, आणि क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ उभा राहिला तर तो याच्या जिवावर.

मार खाण्याचे नियम त्या काळात फार सैल होते. समोरच्याच्या हेल्मेटवर कानाच्या बाजूने उघड्या हाताचा सपाटा मारायला १९७७ पर्यंत सर्रास परवानगी होती. भोवळ आली तर खेळाडू बाजूला बसायचा, अमोनियाची पुडी हुंगायचा आणि पुढच्या चालीला परत यायचा. ‘घंटा वाजली’ असं त्याला गमतीने म्हणायचे. वेबस्टरला मेंदूला धक्का बसल्याचं निदान त्याच्या कारकिर्दीत झाल्याची नोंद नव्हती, हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला. तो कधी बेशुद्ध पडला नाही, म्हणून त्याला काही झालं नाही, असा तेव्हाचा सरळ हिशेब.

मोठ्या धडका थोड्या असतात, लहान धडका हजारोंनी. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, ते त्याचं काम नीट करतं. पण मेंदू कवटीला चिकटलेला नसतो, पाण्यात तरंगत असतो. एसटीच्या टपावर ठेवलेल्या डब्यातलं दही जसं डब्याला ओरखडाही न येता मोडतं, तसं आत होत राहतं. वेळोवेळी ताणल्या गेलेल्या चेतातंतूंमधलं टाऊ नावाचं प्रथिन जागचं सुटतं, त्याच्या गाठी होतात, त्या पेशींना मारतात आणि पसरतात. खेळ थांबल्यावरही हे थांबत नाही. आधी मूड जातो, मग झोप, मग आठवण, मग हिशेब, मग माणूस. मुष्टियोद्ध्यांमध्ये हा प्रकार अमेरिकन डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच लिहून ठेवला होता. पण मुष्टियुद्धात ठोसा हेच उद्दिष्ट असतं; फुटबॉलमध्ये डोकं तर हेल्मेटच्या आत. तेव्हा फुटबॉलवाल्यांनी तो निबंध आपल्यासाठी नाही असं धरलं.

वेबस्टर १९९१ च्या मार्चमध्ये निवृत्त झाला. वय जवळपास एकोणचाळीस. त्यानंतरची अकरा वर्षं वाचताना पुस्तक मिटून ठेवावं असं वाटतं.

पैसे चुकीच्या धंद्यांत गेले. बिलं भरायची राहायला लागली, पत्रं उघडायची राहायला लागली. घर गेलं, लग्न मोडलं. कधी तो आपल्या पिकअप ट्रकमध्ये झोपायचा, कधी पिट्सबर्गच्या रेल्वे स्टेशनवर. दात पडले की सुपरग्लूने चिकटवायचा. पाठ, मान, गुडघे इतके दुखायचे की झोप येत नसे, म्हणून विजेचा झटका देणारी टेझर बंदूक स्वतःवर चालवून काही मिनिटं का होईना शुद्ध हरपवायचा. लांबलचक पत्रं लिहायचा. पहिल्या पानावर अक्षर ठीक, पुढे वाक्यं एकमेकांत शिरलेली. डोकं ठिकाणावर राहावं म्हणून रिटालिन हे औषध लागायचं, त्याच्या खोट्या चिठ्ठ्या केल्याबद्दल १९९९ मध्ये खटला झाला आणि त्याला देखरेखीखाली सोडलं.

याच काळात, २६ जुलै १९९७ रोजी, ओहायोतल्या कँटन गावी त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेण्यात आलं. ब्रॅडशॉने त्याची ओळख करून दिली आणि मंचावरच, पूर्वीसारखा वाकायला लावून, त्याच्याकडून शेवटचा एकदा चेंडू घेतला. लोक हसले, रडले, उभे राहिले. मग वेबस्टर बोलायला लागला आणि थांबेना. विषय भरकटत गेले, नियोजित वेळ कधीच उलटून गेली. ज्यांना तो हसरा, मोजकं बोलणारा गडी आठवत होता ते अस्वस्थ झाले. अमेरिकेतल्या क्रीडारसिकांनी त्या दिवशी दूरदर्शनवर जे पाहिलं त्याला नाव द्यायला अजून पाच वर्षं होती.

या अकरा वर्षांत त्याला सांभाळणाऱ्यांत त्याचा मुलगा गॅरेट होता, आणि सनी जानी नावाचा एक भारतीय वंशाचा माणूस. पिट्सबर्गलगत किराणा दुकान चालवणारा, स्टीलर्सचा चाहता. सही घ्यायला म्हणून ओळख झाली आणि मग तो वेबस्टरचा माणूसच होऊन बसला. खायला घालणं, शोधून आणणं, ट्रकमध्ये झोपला असेल तर उठवून घरी नेणं. झोप यावी म्हणून टेझर चालवायला वेबस्टर त्यालाही सांगायचा. अमेरिकन सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या ‘फ्रंटलाइन’ या वार्तापट मालिकेत जानी हे सगळं सांगतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात तक्रार नसते. आपल्याकडे उतारवयातल्या पैलवानाला असाच एखादा दुकानदार, एखादा जुना शागीर्द सांभाळतो. संघटना सांभाळत नाहीत.

आता पेन्शनचा प्रश्न.

एनएफएलची खेळाडूंसाठी निवृत्ती योजना होती, अजूनही आहे. लीगच्या दोन जुन्या आयुक्तांच्या नावाने ती ओळखली जाते, बर्ट बेल आणि पीट रोझेल. काम करण्याची क्षमता पूर्ण गेलेल्या खेळाडूला तेव्हा त्या योजनेतून भत्ता मिळायचा. किती मिळायचा हे एका तारखेवर ठरायचं. खेळत असताना किंवा खेळ संपताच तो निकामी झाला असेल तर मोठा भत्ता. दुखापत खेळातली पण निकामी होणं पुढच्या काळातलं असेल तर बराच लहान. वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग शहराचे वकील बॉब फिट्झसिमन्स यांनी वेबस्टरचा अर्ज तयार केला. चार डॉक्टरांचे अहवाल जोडले. त्याला डोक्याच्या इजांमुळे स्मृतिभ्रंश झाला आहे, असं त्यांत म्हटलं होतं. योजना चालवणाऱ्या मंडळाने स्वतःचा डॉक्टर नेमला, क्लीव्हलँडचे मेंदूविकारतज्ज्ञ एडवर्ड वेस्टब्रुक. त्यांचंही मत तेच पडलं.

मंडळाने १९९९ मध्ये वेबस्टरला पूर्ण आणि कायमचा निकामी ठरवलं. मे २००० मध्ये योजनेच्या कार्यालयाकडून फिट्झसिमन्स यांना पत्र आलं. स्टीलर्स आणि चीफ्सकडून खेळताना डोक्याला झालेल्या इजांमुळे वेबस्टर निकामी झाल्याचं वैद्यकीय अहवाल दाखवतात, असं त्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

हे पत्र मी लेखाच्या नावात घातलंय ते उगाच नाही. ज्या काळात हे पत्र लिहिलं गेलं त्याच काळात एनएफएलची एक दुसरी समिती होती. मेंदूच्या सौम्य इजांचा अभ्यास करण्यासाठी १९९४ मध्ये नेमलेली. तिचे अध्यक्ष डॉ. इलियट पेलमन हे संधिवाताचे डॉक्टर. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मेंदूला दीर्घकाळ टिकणारी इजा होते असं दिसत नाही, असं ही समिती २००३ नंतर वैद्यकीय नियतकालिकात निबंधामागून निबंध लिहून सांगत होती. म्हणजे भत्ता देणाऱ्या टेबलावर एक कागद आणि विज्ञानाच्या टेबलावर दुसरा. घर एकच. ते पत्र लोकांसमोर यायला २०१२ साल उजाडावं लागलं. ईएसपीएन आणि फ्रंटलाइनच्या बातमीदारांनी ते बाहेर काढलं.

आणि एवढं लिहून दिल्यावरही मंडळाने तारीख धरली ती १९९६ ची. म्हणजे मोठा भत्ता नाही. निवृत्त होताना, १९९१ मध्ये, हा माणूस ठणठणीत होता आणि पाच वर्षांनी बिघडला, असा त्याचा अर्थ. तालुक्याच्या कचेरीत नुकसानभरपाईसाठी खेटे घातलेल्या शेतकऱ्याला हे तर्कशास्त्र ओळखीचं वाटेल. नुकसान मान्य आहे, फक्त पंचनाम्याची तारीख जुळत नाही.

तारखेच्या या वादाचा निकाल बघायला वेबस्टर राहिला नाही. २४ सप्टेंबर २००२ रोजी पिट्सबर्गच्या रुग्णालयात हृदयविकाराने गेला. वय पन्नास.

शव कौंटीच्या शवचिकित्सा विभागात आलं. त्या शनिवारी कामावर होते डॉ. बेनेट ओमालू, नायजेरियातून आलेले, चौतिशीचे. फुटबॉल त्यांनी कधी धड पाहिला नव्हता. टेबलावर कोण आहे हे त्यांना दूरदर्शनवरच्या बातम्यांमुळे कळलं. एवढ्या बातम्या, एवढी हळहळ आणि सोबत त्या माणसाच्या विचित्र वागण्याचे किस्से. म्हणून त्यांनी मेंदू उघडून पाहायचं ठरवलं. मृत्यूचं कारण हृदय होतं, मेंदूकडे वळायची कायद्याने गरज नव्हती. मेंदू हातात घेतला तर तो नेहमीसारखा. आकुंचलेला नाही, रक्तस्राव नाही. बहुतेकांनी तिथेच थांबून अहवाल लिहिला असता. ओमालूंनी मेंदू फॉर्मॅलिनमध्ये ठेवून घेतला, आठवड्यांनंतर त्याचे काप करायला लावले, रंगवायला लावले, आणि खर्च स्वतःच्या खिशातून केला. काचपट्ट्या घरी नेऊन भिंगाखाली पाहिल्या. तपकिरी ठिपके, लाल ठिपके, टाऊच्या गाठी. पन्नाशीच्या माणसाच्या मेंदूत ते असायला नको होते, आणि अल्झायमरमध्ये असतात त्या जागीही नव्हते.

मला या सगळ्या प्रकरणात ओमालूंचं एक भाबडेपण फार आवडतं. एनएफएलचे डॉक्टर हे वाचून खूश होतील असं त्यांना वाटलं होतं. जुलै २००५ मध्ये ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी संपादकांना पत्र पाठवलं: निबंध मागे घ्या. निबंध मागे घेतला गेला नाही. पुढे स्टीलर्सचाच टेरी लाँग, मग आंद्रे वॉटर्स, २०१२ मध्ये ज्युनियर सेआऊ. प्रत्येक मेंदूत तेच सापडत गेलं. या तिघांनी आत्महत्या केली होती. २०१५ मध्ये ओमालूंवर ‘कन्कशन’ हा चित्रपट आला, विल स्मिथचा. आपल्याकडच्या अनेकांना हे प्रकरण त्यातूनच माहीत आहे. २०१६ च्या मार्चमध्ये एनएफएलच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे फुटबॉल आणि मेंदूच्या या रोगाचा संबंध पहिल्यांदा तोंडाने कबूल केला. वेबस्टरला निकामी ठरवलं गेल्यानंतर साधारण सतरा वर्षांनी.

२०१७ च्या जुलैत बोस्टनच्या डॉ. अ‍ॅन मॅकी यांच्या चमूचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मरणोत्तर दान मिळालेल्या एनएफएल खेळाडूंच्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये हा रोग. आकडा अंगावर येतो, पण तो जपून वाचायला हवा. ज्यांच्या घरच्यांना काहीतरी बिघडलंय असा संशय होता त्यांनीच बहुतेक मेंदू दिले होते. शंभरातले नव्याण्णव खेळाडू आजारी आहेत असा त्याचा अर्थ नाही. शिवाय हा रोग जिवंतपणी खात्रीने ओळखता येत नाही, काप मेल्यावरच करता येतात. नेमके किती जण आजारी पडतात हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. हे मॅकींनीही सांगितलं. तरी त्यानंतर दोनच दिवसांनी बाल्टिमोर रेव्हन्सचा जॉन अर्शेल वयाच्या सव्विसाव्या वर्षी खेळ सोडून गेला. तोही वेबस्टरच्याच रांगेत उभा राहणारा, पुढच्या फळीतला. फरक इतकाच की तो त्याच वेळी एमआयटीत गणितात डॉक्टरेट करत होता, आणि डोक्याची किंमत काढायला त्याच्याकडे दुसरा बाजार होता. आज तो तिथेच प्राध्यापक आहे.

हे सगळं दूरचं आहे असं म्हणावं, तर तो खेळ पुण्याच्या नावानेही खेळून झाला आहे. २०११ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची स्पर्धा जाहीर झाली. माइक डिटका, कर्ट वॉर्नर असे एनएफएलचे जुने मोठे लोक तिच्यामागे होते. ब्रँडन चिलारही होता. वडिलांकडून भारतीय रक्ताचा, ग्रीन बे पॅकर्सच्या सुपर बोल जिंकलेल्या संघातला. संघांची नावं मुंबई ग्लॅडिएटर्स, दिल्ली डिफेंडर्स, आणि आपला पुणे मराठाज. रग्बी, कबड्डी, अ‍ॅथलेटिक्समधली दणकट पोरं निवडून त्यांना हेल्मेट आणि खांद्याचे पॅड चढवले. पहिला हंगाम २०१२ मध्ये कोलंबोत झाला आणि तो पुणे मराठाजने जिंकला. पुण्याच्या नावाचा संघ अमेरिकन फुटबॉलचा विजेता, आणि पुण्यात त्याची मिरवणूक सोडा, चौकात फलकही लागला नाही. स्पर्धा पुढे नावापुरती राहिली. ती पोरं आपापल्या खेळाकडे, नोकऱ्यांकडे परतली. आपण कधीकाळी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटू होतो हे सांगितलं तर त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार, हा भाग वेगळा.

धडकेच्या खेळाची खरी व्यावसायिक लीग आपल्याकडे आली ती कबड्डीची, २०१४ मध्ये. पाच वर्षांत काय झालं ते बघा. २०१९ च्या लिलावात सिद्धार्थ देसाई या चढाईपटूवर एक कोटी पंचेचाळीस लाखांची बोली लागली. तो चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडी भागातला. त्या तालुक्यातही एक शिनोली आहे, बेळगावच्या वाटेवरची, म्हणून आमच्या गावात ती बातमी जरा जास्तच वाचली गेली. तेव्हापासून आमच्याकडच्या मॅटवर पोरं वाढली, आणि वाढावीतच. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं, पण अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्या काळाकडे परत जावं असं कोणी म्हणणार नाही. अंगमेहनतीला दाम मिळतो आहे ही चांगलीच गोष्ट आहे.

कबड्डी आणि अमेरिकन फुटबॉल यांची सरळ तुलना मी करणार नाही. कबड्डीत डोक्याने धडक द्यायची नसते, कुस्तीतही नसते. कुस्तीचा धोका मानेला आणि गुडघ्याला जास्त. पण चढाई करणारा वाकून आत जातो, कोपऱ्यावरचा पायाला झेप घेतो, आणि गुडघा नेमका डोक्यावर बसतो, हे घोडेगाव-मंचर भागात ज्याने दहा सामने पाहिलेत त्याने एकदा तरी पाहिलं आहे. पोरगं उठतं, दोनदा डोकं झटकतं. कोणीतरी बाटलीतलं पाणी तोंडावर मारतं. कर्णधार विचारतो, ‘खेळतो ना?’ या प्रश्नाला नाही म्हणणारा पोरगा मी अजून पाहिलेला नाही. आणि ज्याने नाही म्हणावं असा माणूस मैदानात नेमलेलाच नसतो. पंच चढाई मोजतात, गुणलेखक गुण लिहितो, डोक्याला लागलेलं कोणाच्याच वहीत जात नाही.

एनएफएलने हा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार प्रशिक्षकांकडून आणि संघाच्या डॉक्टरांकडून अंशतः काढून घेतला तो २०१३ मध्ये. तेव्हापासून प्रत्येक सामन्याला बाहेरचा, संघाच्या पगारावर नसलेला मेंदूतज्ज्ञ सीमारेषेवर असतो. त्याच वर्षी माजी खेळाडूंच्या दाव्यांवर ७६५ दशलक्ष डॉलरची तडजोड ठरली. न्यायालयाने पुढे त्यावरची मर्यादा काढायला लावली.

भत्त्याच्या तारखेवरून चाललेल्या वेबस्टरच्या दाव्याचा निकाल या तडजोडीच्या आधीच लागला होता. २००५ मध्ये बाल्टिमोरच्या संघीय न्यायालयाने मंडळाची १९९६ ची तारीख फेटाळली. मंडळ अपिलात गेलं. डिसेंबर २००६ मध्ये अपील न्यायालयानेही खालचा निकाल कायम ठेवला: मंडळाने स्वतः नेमलेल्या डॉक्टरसकट सगळे डॉक्टर एकच तारीख सांगत असताना दुसरी तारीख धरायला आधार नव्हता. कुटुंबाला पंधरा लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. हा खटला अमेरिकन कायद्याच्या ग्रंथांत वेबस्टरच्या नावाने सापडत नाही. मृताच्या मालमत्तेची व्यवस्था बघणारा म्हणून ज्याने दावा चालवला त्याच्या नावाने तो नोंदला गेला आहे, आणि तो माणूस म्हणजे किराणा दुकानवाला जानी.